कॅमेरा घेताना आपले प्रश्न आपणच विचारूया

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या माध्यम-शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून शब्दांकन केले आहे.)



काल संध्याकाळी तुम्ही चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून दिलेत. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न आहे, "व्हिडिओसाठी कॅमेरा कोणता घ्यावा?" मला विचाराल तर हा प्रश्न अर्धाच आहे. आपल्या गटातल्या कोणत्या बाईने, कुठे, काय टिपायचं आहे आणि टिपलेल्याचं पुढे काय होणार आहे, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. तो आपण ठरवला नाही तर दुकानदार ठरवतो.

दुकानाचं वेगळं सांगायला नको. एका गटाबरोबर मी कॅमेरा पाहायला गेले होते. आम्ही चौघी. काउंटरवरच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "बरोबर कोणी टेक्निकल माणूस नाही का?" मग त्याने सगळ्यात जास्त आकडे असलेला कॅमेरा पुढे केला. हेडफोन लावायला जागा कुठे आहे, असं आमच्यातल्या एकीने विचारलं, तर त्याला ती शोधावी लागली. हसण्यावारी नेऊ नका. यंत्राची भाषा आपली नाही असं आपल्याला इतक्या वेळा सांगितलं गेलं आहे, की कित्येकदा आपणच "आमच्या मुलाला विचारून सांगते" म्हणून मोकळ्या होतो.

म्हणून थोडा इतिहास. 'युगांतर' या गटाने १९८१ साली पुण्यातल्या मोलकरणींच्या लढ्यावर 'मोलकरीण' हा माहितीपट केला. तेव्हा रीळ लागायचं, ते धुवायला पाठवावं लागायचं, पैसा लागायचा. पुढे व्हिडिओ आला. १९८४ साली मार्था स्टुअर्ट यांनी अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेतल्या बायकांसाठी कार्यशाळा घेतली आणि त्यातून 'व्हिडिओ सेवा' उभं राहिलं. त्या शिकणाऱ्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही होत्या. तेलंगणातल्या पस्तापूर भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी कॅमेरा हातात घेऊन शेती आणि बियाण्यांवर फिल्म्स केल्या. २००२ साली चित्रकूटमध्ये छापील वृत्तपत्र म्हणून सुरू झालेलं 'खबर लहरिया' पुढे मोबाईलवरच्या व्हिडिओकडे वळलं. त्या बदलावरचा 'रायटिंग विथ फायर' हा २०२१ चा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. यातल्या कुठल्याही बाईने आधी इंजिनियरिंग केलेलं नव्हतं.

मोबाईल असताना कॅमेरा कशाला?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. मोर्च्याची दोन मिनिटांची बातमी, रेशन दुकानाला लागलेलं कुलूप, तुंबलेलं गटार यासाठी मोबाईल पुरतो. गटाकडे पैसे कमी असतील तर आधी चांगला माईक आणि ट्रायपॉड घ्या, कॅमेरा नंतर.

पण दोन कारणांनी वेगळा कॅमेरा हवा. पहिलं कारण कामाचं. तासभराची ग्रामसभा, अंधाऱ्या खोलीतली मुलाखत, दूरवरचा आवाज यांत मोबाईल कमी पडतो. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. मोबाईल एकटीचा असतो, आणि बऱ्याच घरांत तर तिचाही नसतो. नवरा उघडून पाहतो, मुलगा खेळायला घेतो, फोटो आपोआप कुठल्या तरी खात्यावर जातात. मारहाण झालेल्या बाईने विश्वासाने सांगितलेली हकीकत कार्यकर्तीच्या मोबाईलवर राहिली, तर ती तिच्याच जिवावर बेतू शकते. गटाचा कॅमेरा गटाच्या कपाटात राहतो. त्याचं कार्ड काढून कुलपात ठेवता येतं. बिल गटाच्या नावाने असतं आणि कोणी कधी नेला याची वहीत नोंद असते. कॅमेरा सामूहिक मालकीचा असणं ही सुरक्षिततेची बाब आहे.

मिररलेस म्हणजे काय?

पूर्वीच्या मोठ्या फोटो-कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असायचा. लेन्समधून आलेलं चित्र तो वर, आपल्या डोळ्यापर्यंत पोचवायचा. फोटो काढताना आरसा वर उचलला जायचा. व्हिडिओत तो सतत उचललेलाच ठेवावा लागतो, म्हणजे त्या वेळी त्याचा उपयोग शून्य. तरीही २००८ साली निकॉन डी९० आणि कॅनन ५डी मार्क टू या आरशाच्या कॅमेऱ्यांत व्हिडिओ आला आणि छोट्या कॅमेऱ्यावर सिनेमा करायची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी पॅनासोनिकने आरसा काढून टाकलेला जी१ आणला. आरसा नाही म्हणून अंग लहान, वजन कमी, आणि सेन्सरला जे दिसतं तेच थेट पडद्यावर.

नंतर काही मिररलेस कॅमेरे मुख्यतः व्हिडिओसाठीच बनू लागले. ते ओळखायचे कसे? पडदा बाजूला उघडून फिरवता येतो. रेकॉर्डिंगचं बटण मोठं आणि वरच्या बाजूला असतं. डोळा लावायची खिडकी बहुधा नसते. माईक आणि हेडफोन दोन्ही जोडता येतात. मोठ्या मॉडेलांत थंड ठेवायला आत पंखा असतो. सोनीचे झेडव्ही-ई१० (२०२१), एफएक्स३ (२०२१) आणि एफएक्स३० (२०२२) हे या प्रकारचे. निकॉनचा झेड३० (२०२२) याच वाटेवरचा. पॅनासोनिकच्या जीएच मालिकेतले कॅमेरे आणि एस५ टू (२०२३) यांना खिडकी आहे, पण व्हिडिओवाले ते आवर्जून घेतात. 'द क्रिएटर' हा २०२३ चा मोठा हॉलिवूडपट मुख्यतः एफएक्स३ वर चित्रित झाला. हे कौतुकासाठी सांगत नाही. चित्राचा दर्जा हा आता आपला अडसर राहिलेला नाही, एवढंच त्यातून घ्यायचं. अडसर दुसरीकडे आहेत, आणि निवड करताना तेच तपासायचे.

आधी आवाज

बाईचं म्हणणं ऐकू आलं नाही, तर चित्र कितीही सुंदर असो, काय उपयोग? म्हणून पहिली अट, कॅमेऱ्याला माईकचं सॉकेट हवं. दुसरी अट, हेडफोनचं सॉकेट हवं. झेड३० मध्ये माईक लावता येतो, पण हेडफोन लावायची सोय नाही. झेडव्ही-ई१० मध्ये दोन्ही आहेत. रेकॉर्डिंग चालू असताना कानात आवाज येत नसेल, तर माईकची वायर सैल झाली हे घरी गेल्यावर कळतं. ज्या बाईने धीर एकवटून एकदा सांगितलं, तिला "पुन्हा सांगा" म्हणायचं का? तो अधिकार आपल्याला नाही.

पदराला किंवा ओढणीला लावायचा छोटा माईक आणि वाऱ्यासाठी त्याची केसाळ टोपी, हे बिलात पहिल्या ओळीत लिहा, शेवटी नाही.

दहा बाय दहाची खोली

आपण स्टुडिओत काम करत नाही. वस्तीतल्या खोलीत, चुलीजवळ, ट्यूबलाइटखाली करतो. तिथे चार गोष्टी लागतात.

एक, रुंद लेन्स. झेडव्ही-ई१० बरोबर मिळणारी १६-५० मिलिमीटरची लेन्स बाहेर ठीक आहे. पण या कॅमेऱ्यावर सेकंदाला ३० चित्रांचं फोर-के घेतलं की चित्र कडेने कापलं जातं. हात हलू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक स्थिरता चालू केली की आणखी कापलं जातं. मग भिंतीला पाठ टेकली तरी समोरच्या दोघी चौकटीत मावत नाहीत. याला उत्तर ट्रायपॉड आणि साधं फुल एचडी.

दोन, उजेड. लेन्सवरचा एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत येतो. बरोबर मिळणाऱ्या लेन्सचा आकडा ३.५ पासून सुरू होतो आणि झूम केल्यावर ५.६ होतो. सिग्माच्या १६ मिलिमीटरच्या लेन्सचा तो १.४ आहे, म्हणजे उजेड सहापटीहून जास्त. दोन हजार वॅटचा दिवा बाईच्या तोंडावर मारण्यापेक्षा अशी एक लेन्स परवडते. दिव्याखाली माणूस साक्षीदारासारखं बोलतं, घरातल्यासारखं बोलत नाही.

तीन, रंग. कॅमेरा आपोआप उजेड ठरवतो तेव्हा दारातल्या लख्ख उन्हाकडे पाहतो आणि दारात बसलेल्या सावळ्या बाईचा चेहरा काळा करून टाकतो. फोटोग्राफीत हे नवं नाही. कोडॅकच्या काळात रंग जुळवायला जी नमुन्याची चित्रं वापरत, त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यांच्यावर बहुतेक वर्षं गोरीच बाई असायची. म्हणून निवडताना पाहा, उजेड हाताने कमीजास्त करायची चकती सहज बोटाखाली येते का? दुकानातच मैत्रिणीला दारात बसवा आणि करून पाहा.

चार, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० असा लावला, तर ट्यूबलाइट लुकलुकत नाही. कॅमेरा आल्या दिवशी हे लावून टाका, म्हणजे पुन्हा डोकं चालवायला नको.

ऊन, वीज आणि एसटी

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान ० ते ४० अंश असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपुरात, जळगावात काय असतं, हे तुम्हाला माहीत आहे. २०२० साली कॅननचा आर५ आला तेव्हा आठ-के चित्रीकरण करताना वीस मिनिटांच्या आसपास तापून बंद पडायचा आणि त्याची जगभर चर्चा झाली. एफएक्स३० आणि एस५ टू मध्ये पंखा आहे, लहान मॉडेलांत नाही. लहान कॅमेरा असेल तर सावलीत ठेवा, फोर-के ऐवजी फुल एचडी घ्या, पडदा अंगापासून लांब उघडा.

सलग किती वेळ चालतो हेही विचारा. पूर्वी बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी बंद पडायचे. कारण ३० मिनिटांपेक्षा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रावर युरोपात व्हिडिओ-कॅमेरा म्हणून जादा कर लागायचा. कुठल्या तरी देशाच्या कराचा नियम, आणि आपल्या ग्रामसभेतला ठराव अर्धवट! जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

झेडव्ही-ई१० ची बॅटरी लहान आहे, प्रत्यक्ष कामात तास-सव्वा तास चालते. म्हणून तीन बॅटऱ्या धरा. यूएसबी-सी ने पॉवर बँकवर चालतो, हा भारनियमनाच्या गावात मोठाच आधार. त्याचं वजन बॅटरीसकट साडेतीनशे ग्रॅमच्या आत आहे. एफएक्स३० साधारण साडेसहाशे ग्रॅम, एफएक्स३ सातशेच्या वर. दिवसभर एसटीने फिरणाऱ्या, वर घरचं सगळं करून आलेल्या बाईच्या मनगटाला हा फरक कळतो.

आकड्यांचा मोह

फोर-के, सहा-के, आठ-के. सेकंदाला १०० मेगाबिटचं फोर-के घेतलं तर एका तासाला ४५ गिगाबाइट जागा जाते. ती जागा कोण विकत घेणार? ते चित्र उघडणारा संगणक आपल्याकडे आहे का? आपल्या फिल्म्स शेवटी मोबाईलवर किंवा वस्तीतल्या भिंतीवर पाहिल्या जातात. तिथे फुल एचडी पुरेसं आहे.

तसंच 'लॉग' नावाचं प्रकरण. त्यात चित्र मुद्दाम फिकं टिपतात आणि नंतर रंग भरतात. सिनेमावाल्यांना ते लागतं. आपल्याला लागत नाही, कारण मग रंग भरून देणाऱ्या कोणावर तरी अवलंबून राहावं लागतं. ज्या सोयीमुळे आपलं काम दुसऱ्याच्या टेबलावर जातं, ती सोय आपल्यासाठी नाही.

आपोआप फोकस मात्र हवाच. आपल्याकडे एकच जण कॅमेरा धरते, तीच प्रश्न विचारते, तीच डोळे पुसायला पाणी देते. वापरलेला पॅनासोनिक जीएच५ (२०१७) पाहायला मिळेल. स्थिरता उत्तम, दोन कार्डं घेतो, वेळेची मर्यादा नाही. पण बोलणारी हलली की त्याचा फोकस शोधाशोध करतो. पॅनासोनिकने ही अडचण एस५ टू पासून दूर केली. ट्रायपॉडवरच्या सभेसाठी जीएच५ चांगला, फिरत्या कामाला नाही.

हे कॅमेरे कोणाला डोळ्यांपुढे ठेवून बनले?

झेडव्ही-ई१० मध्ये त्वचा गुळगुळीत दाखवायची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी बंद करा. ऊसतोडणीला जाणाऱ्या बाईच्या गालावरची रेघ पुसायचा अधिकार कंपनीला कोणी दिला? त्यातच एक बटण वस्तू दाखवण्यासाठी आहे. हातातली डबी पुढे केली की फोकस चेहऱ्यावरून डबीवर जातो. क्रीम विकणाऱ्या मुलींसाठी केलेली ही सोय. पण आमच्या एका गटातल्या बाईने त्या बटणाचा वापर करून रेशनकार्ड पुढे धरलं, मग सातबाराचा उतारा, मग तहसीलचा शिक्का. अक्षर न् अक्षर वाचता आलं. यंत्र त्यांनी बाजारासाठी बनवलं, आपण हक्कासाठी वापरूया.

लाल दिवा

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला लाल दिवा लागतो. काही जण "समोरचा बुजतो" म्हणून तो सेटिंगमधून बंद करतात. आपण करायचा नाही. आपण टिपली जात आहोत हे समोरच्या बाईला कळलंच पाहिजे. सुरुवातीला तिला दिवा दाखवा, बंद करायचं बटणही दाखवा. "तुम्ही सांगाल तेव्हा थांबवते" हे नुसतं तोंडाने म्हणू नका, ते बटण तिच्या हाताला लागेल इतकं जवळ बसा. म्हणूनच फिरणारा पडदा हवा. तो तिच्याकडे वळवला की ती स्वतःला पाहू शकते, "माझ्यामागचा देव्हारा दिसायला नको" असं सांगू शकते.

कायदाही लक्षात ठेवा. बलात्कारपीडित स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हे भारतीय दंड संहितेचं कलम २२८-अ होतं. निपुण सक्सेना खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नाव न छापता दुसऱ्या तपशिलांतून ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येणार नाही. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं कलम २३ आहे. चेहरा पुसट केला म्हणजे झालं असं नाही. आवाज, बांगडी, दारावरचं नाव, मागची पाण्याची टाकी यांवरून गाव ओळखतं. अशा वेळी कॅमेरा चालूच करू नये, किंवा हातांचं, भिंतीवरच्या सावलीचंही चित्र न घेता बोलणं लिहून घ्यावं.

याची दुसरी बाजूही आहे. मोर्च्यातल्या लाठीमाराचं चित्रण कोर्टात लागू शकतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून मूळ फाइलला हात लावायचा नाही. कार्डावरून जशीच्या तशी दोन हार्डडिस्कवर उतरवायची, तारीख-वेळ वहीत लिहायची, कापाकापी प्रतीवर करायची. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, हे दर महिन्याला पाहायचं. दोन कार्डं घेणारा कॅमेरा इथे उपयोगी पडतो, कारण एक बिघडलं तरी दुसरं शिल्लक राहतं.

मग घ्यावा कोणता?

गट लहान असेल, मुलाखती आणि सभा हे मुख्य काम असेल, तर झेडव्ही-ई१० सारखा हलका कॅमेरा, एक उजेडाची लेन्स, दोन छोटे माईक, हेडफोन, ट्रायपॉड, तीन बॅटऱ्या. चार-पाच गटांनी मिळून घ्यायचा असेल, उन्हातली मोठी कामं असतील, पुराव्याचं चित्रण असेल, तर एफएक्स३० किंवा एस५ टू सारखा पंखा आणि दोन कार्डांची जागा असलेला. वापरलेला घेताना सगळी सॉकेटं जोडून बघा, तासभर चालवून बघा, पक्कं बिल मागा.

पैशाचे तीन भाग करा. एक कॅमेऱ्याच्या अंगाला, एक लेन्स, माईक, ट्रायपॉड यांना, आणि एक शिकण्याला, हार्डडिस्कला, दुरुस्तीला. बहुतेक ठिकाणी पहिल्याच भागात सगळे पैसे जातात. मग कॅमेरा उत्तम, पण चालवता येतो तो संस्थेतल्या एका तरुण मुलाला, आणि तो नोकरी सोडून गेला की कॅमेरा कपाटात.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. कॅमेरा आणल्यापासून महिन्याभरात गटातल्या किमान पाच जणींना तो एकट्याने चालू करता आला पाहिजे, माईक लावता आला पाहिजे, कार्ड काढून उतरवता आलं पाहिजे. त्यातली एक तरी साठीच्या वरची असावी आणि एक तरी अक्षरओळख नसलेली. मेन्यूतल्या सहा गोष्टी मराठीत लिहून, शेजारी चित्रं काढून, ती चिठ्ठी कॅमेऱ्याच्या पिशवीत शिवून टाका. हे जमत नसेल, तर आपल्या निवडीत काहीतरी चुकतंय असं समजा, बाईत नाही.

आतापर्यंत आपल्याबद्दल पुष्कळ चित्रं निघाली. दुष्काळात हंडे घेतलेली, रडणारी, रांगेत उभी असलेली. काढणारे आले आणि गेले, चित्रं कुठे गेली ते कळलं नाही. आता काढणारी आपल्यातली असेल, गावातच राहील आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईला नळावर भेटेल. त्यामुळे तिला नीटच काढावं लागेल.

उद्या सकाळी टेबलावर दोन कॅमेरे ठेवलेले असतील. ज्यांनी आजवर कधी हात लावलेला नाही, त्यांनी आधी यायचं आहे.